३९ फुटांवरचा राग : एका मूर्तिकार कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

२०२४ ची अनंत चतुर्दशी झाली आणि हंगामाचा रेटा ओसरला. त्यानंतर कोल्हापुरात पंचगंगा नदीच्या बाजूच्या एका कुंभारवस्तीतले पन्नाशीचे मूर्तिकार माझ्याकडे समुपदेशनाला आले. आधी ते हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. छातीत धडधड व्हायची, हात थरथरायचे. ईसीजी, टूडी इको सगळं ठीक निघालं, तेव्हा त्या डॉक्टरांनीच इकडं पाठवलं. घरात त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. लिहायला कुटुंबाची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, "मॅडम, माझ्या हातनं मूर्ती फुटली." पुतण्याच्या कानशिलात मारल्याचं त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं.

त्या संध्याकाळी काय झालं

जुलैचा शेवटचा आठवडा होता. राधानगरी, गगनबावड्याकडं पाऊस हटत नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पावसाळ्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात आणि बंधाऱ्याचा नवा आकडा सारखा मोबाइलवर येऊन पडत असतो. त्या दिवशी पाणी ३९ च्या वर गेलं.

तात्यांची शेड तळमजल्यावर आहे. फळ्यांवर शाडूच्या घरगुती मूर्ती होत्या. बऱ्याचशा रंगवून झालेल्या, काहींच्या डोळ्यांची आखणी बाकी. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. दुपारपासून तात्या एकेक मूर्ती छातीशी धरून जिन्यानं वर नेत होते. जेवायला थांबले नाहीत. धाकटे भाऊ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरीला आहेत. पहिली पाळी संपवून ते आले आणि लगेच कामाला लागले. भावाचा मुलगा कॉलेजात शिकतो, मूर्तींचं बुकिंग मोबाइलवर तोच बघतो. तोही हाताशी होता.

सहाच्या सुमाराला काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, चहा आणला. सगळे टेकले. दहा-पंधरा मिनिटं गेली. तात्यांची धाप बसली होती, ते एकदोन शब्द हसूनही बोलले. तेवढ्यात मोबाइल वाजला. पुतण्यानं नवा आकडा वाचून दाखवला आणि म्हणाला, "काय हुत न्हाई ओ तात्या. उगंच घाबरालायसा."

"मी घाबरालोय? मी?" म्हणत तात्या उठले. पोराच्या कानाखाली बसली, आणि मागं वळता वळता त्यांनी फळीला लाथ घातली. दोन रंगवलेल्या मूर्ती खाली आल्या.

प्राणप्रतिष्ठा व्हायची होती, म्हणजे शास्त्रानं ती अजून मातीच. पण ज्याच्या घरात चार पिढ्या गणपती घडले त्याला हे सांगून काही उपयोग नसतो. तात्यांनी तुकडे स्वतः गोळा केले आणि भर पावसात नदीवर जाऊन सोडले. उरलेला हंगाम पार पडला, पण काका-पुतण्यात कामापुरतंही बोलणं राहिलं नाही. धडधड त्यानंतरच्या आठवड्यांत सुरू झाली.

मागचं ओझं

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शहर तुटलं. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे मूर्ती जवळजवळ तयार होत्या. शाडू पाण्यात विरघळतो. पाणी उतरल्यावर तात्यांच्या शेडमध्ये फळ्या जागेवर होत्या आणि खाली चिखल होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. थोडा माल वाचवता आला. पतसंस्थेचं कर्ज त्या दोन पुरांचं आहे आणि ते तात्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

हे ऐकल्यावर पुराच्या धक्क्याचे मानसिक परिणाम तपासणं भाग होतं. ते तपासले. पुराची दुःस्वप्नं नाहीत, नदीकडं जायचं टाळणं नाही, २०१९ बद्दल बोलताना ते मोकळेपणानं, तपशिलात बोलतात. आघातोत्तर तणावाचं, म्हणजे पीटीएसडीचं, निदान बसत नव्हतं आणि ते ओढूनताणून बसवण्यात मला अर्थ वाटला नाही.

तात्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. "मला त्या पोराचा राग नव्हता. सकाळपासून नव्हता. मग आला कुठनं?" भावना कशा उपजतात याबद्दल मानसशास्त्रात १४० वर्षं जो वाद चालू आहे, तो याच प्रश्नावर. म्हणून मी ती संध्याकाळ चौघांकडून वेगवेगळी ऐकली आणि एकेक सिद्धान्त तिच्यावर लावून पाहिला.

शरीर आधी की भावना आधी

तात्यांची हकिकत अशी: आधी छातीतून काहीतरी वर चढलं, कान तापले, हात उठला, आणि राग आल्याचं नंतर कळलं. विल्यम जेम्सनं १८८४ मध्ये हेच मांडलं होतं. शरीरात बदल आधी होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना. डेन्मार्कच्या कार्ल लांगेनं पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे जवळपास तसंच लिहिलं, म्हणून दोघांची नावं जोडीनं घेतली जातात.

वॉल्टर कॅननचा १९२७ चा आक्षेप मात्र या प्रकरणात फार मोलाचा ठरतो. अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, जागी झाली की हृदय धावतं, घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं. हे भीतीत होतं, रागात होतं, थंडीत आणि तापातही होतं. एवढ्या सारख्या बदलांवरून मन वेगवेगळ्या भावना ओळखणार कसं? नाट्यशास्त्रात तर ही गोष्ट फार आधी नोंदवलेली आहे. भरतमुनी स्वेद म्हणजे घाम या सात्त्विक भावाची, भावनेच्या अंगावर उमटणाऱ्या खुणेची, कारणं सांगतात तेव्हा क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख यांच्याच रांगेत श्रम, रोग आणि व्यायामही बसवतात. शाडूच्या मूर्ती घेऊन दुपारभर जिना चढणाऱ्या माणसाच्या घामात त्या रांगेतलं निदान तीन कारणांचं पाणी होतं, आणि घामाकडं बघून ते वेगळं काढता येत नाही.

काकूंनी एक गोष्ट सांगितली. चहाचा कप देताना तात्यांची बोटं गार लागली. पॉल एकमन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगात रागात बोटांचं तापमान भीतीपेक्षा जास्त आढळलं होतं, त्यामुळे चहाच्या वेळी ती भीतीच होती याचा क्षणभर मला पुरावा मिळाल्यासारखा वाटला. पण तात्या पावसात भिजून आत-बाहेर करत होते. गार बोटांवर निष्कर्ष उभा करायचा नाही, असं मी ठरवलं. अशा शारीरिक खुणा पुढच्या अभ्यासांत माणसागणिक आणि प्रसंगागणिक बदलतानाच दिसल्या आहेत.

चहानंतरची दहा मिनिटं

स्टॅनली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांचा १९६२ चा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचलेला असतो. दृष्टीवर परिणाम करणारं जीवनसत्त्व म्हणून तरुणांना अ‍ॅड्रिनॅलिन हे धडधड वाढवणारं संप्रेरक टोचलं. काहींना धडधड होईल हे सांगितलं, काहींना सांगितलं नाही. मग शेजारी कोणीतरी आनंदानं बागडणारा किंवा चिडचिड करणारा बसवला. ज्यांना धडधडीचं कारण ठाऊक नव्हतं ते शेजाऱ्याच्या रंगात जास्त रंगले, असा त्यांचा निष्कर्ष. शरीर खळबळ पुरवतं, तिला नाव परिस्थितीवरून मिळतं.

प्रयोग गाजला तितका तो टिकला नाही. १९७९ मध्ये मार्शल आणि झिम्बार्डो यांनी, आणि वेगळ्या पद्धतीनं ख्रिस्टिना मास्लाकनं, तो पुन्हा करून पाहिला. कारण न कळलेली खळबळ कुठल्याही रंगात रंगत नाही, ती बहुधा अस्वस्थ करणारीच असते, असं दिसलं. खळबळ कोरी असते हे म्हणणं म्हणून मला मान्य नाही. तात्यांच्या अंगातली तर मुळीच कोरी नव्हती. तिच्यात २०१९ चा चिखल होता.

पण याच वाटेनं पुढं गेलेल्या डॉल्फ झिलमननं जे दाखवलं, त्यानं या प्रकरणातली एक अडचण सुटते. सगळ्यांनी सांगितलं होतं की तात्या चहानंतर शांत झाले होते. मग एवढा भडका कसा? झिलमननं लोकांना व्यायामाची सायकल मारायला लावली आणि नंतर कुणाकडून तरी डिवचलं. सायकलवरून उतरताक्षणी डिवचलं तर माणूस धडधडीचं खापर सायकलवर फोडतो. पूर्ण विसाव्यानंतर डिवचलं तर शिल्लक काही उरलेलं नसतं. धोक्याचा काळ मधला. माणसाला वाटतं आपण निवलो, पण रक्तातली उत्तेजना अजून उतरलेली नसते. तेव्हा मिळालेला डिवच त्या शिलकीसकट फुगतो, आणि माणूस सगळीच्या सगळी धडधड समोरच्याच्या नावावर मांडतो.

पुतण्याचं वाक्य नेमकं या मधल्या काळात आलं. दुपारी जिन्यावर, धाप लागलेली असताना, त्यानं हेच म्हटलं असतं तर तात्यांनी बहुधा "गप उचल" म्हणून सोडून दिलं असतं. मी हे त्यांना विचारलं. ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "दुपारी म्हणलाच हुता की तो एकदा." पुतण्याला विचारलं, त्यानंही दुजोरा दिला. दुपारी तेच वाक्य हवेत विरलं होतं.

तेच पाणी, दोन भाऊ

झिलमननं भडक्याचा आकार समजतो, दिशा समजत नाही. भीतीची धडधड रागाकडंच का वळली? तात्या रडले असते, हताश होऊन बसले असते, आणखी घाबरले असते.

इथं मला रिचर्ड लाझारसचा आधार सगळ्यात भक्कम वाटतो. मॅग्डा अर्नोल्डनं १९६० मध्ये मांडलेलं सूत्र त्यानं पुढं नेलं: घटना भावना घडवत नाही, घटनेचं माणसानं केलेलं मूल्यमापन ती घडवतं. हे मूल्यमापन विचारपूर्वकच होतं असं नाही, ते पापणी लवायच्या आत होऊ शकतं. त्यात दोन प्रश्न असतात. यात माझं काय पणाला लागलंय? आणि मला काय करता येण्यासारखं आहे?

दोघा भावांना बंधाऱ्याचा आकडा एकच येत होता. धाकट्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. शेड बुडाली तर वाईट वाटेल, घर चालेल. तात्यांचा सबंध वर्षाचा पैसा फळ्यांवर उभा होता आणि कर्ज त्यांच्या नावावर होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर दर तासाला आखडत होतं. वर जागा संपत आली होती, अर्ध्याच्या वर मूर्ती अजून खालीच होत्या. मोठा धोका आणि हातात कमी उपाय, हे मूल्यमापन भीतीचं. चहापर्यंत तात्या घाबरलेलेच होते, असं मी ठामपणे म्हणते, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्या जागी जो घाबरत नाही त्यानं २०१९ पाहिलेलं नसतं.

रागाचं मूल्यमापन निराळं. लाझारसच्या मते रागाचा गाभा म्हणजे मला किंवा माझ्या माणसांना कमी लेखलं गेलं ही जाणीव. "उगंच घाबरालायसा" या दोन शब्दांत ते सगळं आहे. तुमची भीती खोटी, तुमची दुपारभरची मेहनत विनाकारण, आणि घरातला कर्ता माणूस भितरा. नदीला दोष देता येत नव्हता. समोर दोष देता येईल असा माणूस उभा राहिला आणि प्रश्नच बदलला.

जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांच्या २००१ च्या संशोधनात एक गोष्ट स्पष्ट दिसली. भ्यालेली माणसं धोका मोठा धरतात, रागावलेली माणसं तो लहान धरतात. कारण भीतीत काय होईल याची खात्री नसते आणि परिस्थिती हाताबाहेर वाटते. रागात दोषी कोण हे पक्कं असतं आणि आपलं चालेल असं वाटतं. दुपारपासून ज्याच्या हातात काहीच उरत नव्हतं त्याला त्या एका क्षणात खात्री आणि ताकद दोन्ही मिळाली. तात्यांनी ते स्वतःच्या शब्दांत असं सांगितलं: "मारल्यावर दोन मिनिटं बरं वाटलं. तेच वाईट वाटतंय." मला वाटतं, ते मूर्तीइतकंच या बरं वाटण्यामुळे खचले होते.

पुतण्याची बाजू

तो एकदाच आला, आणि त्याच्या भेटीनंतर सगळं प्रकरण मला नव्यानं दिसलं. २०१९ ला तो चौदा वर्षांचा होता. "मलापण भ्या वाटत हुतं," तो म्हणाला. "मी मलाच सांगत हुतो, काय हुत न्हाई म्हणून."

लाझारसच्या गटानं १९६४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका आदिवासी जमातीच्या दीक्षाविधीतली वेदनादायक शस्त्रक्रिया दाखवणारी तीच चित्रफीत वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवली. एका निवेदनात वेदनेवर भर होता, एकात यात मुलांना काही त्रास होत नाही असं सांगितलं होतं, एकात अभ्यासकाचा कोरडा सूर होता. नाकारणाऱ्या आणि कोरड्या निवेदनांनी प्रेक्षकांच्या त्वचेवर मोजलेला ताण कमी केला. मुलगा त्या संध्याकाळी स्वतःसाठी तसंच निवेदन करत होता, आणि त्याच्यापुरतं ते चालतही असावं.

फरक एवढाच की चित्रफीत बघणाऱ्याला काही उचलून वर न्यायचं नसतं. तात्या प्रेक्षक नव्हते. धोका नाही असं म्हणणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काम थांबवा म्हणण्यासारखं होतं. दोघंही एकाच भीतीचा बंदोबस्त करत होते, एक मूर्ती वर नेऊन, दुसरा आकड्याला हसून, आणि एकाचा उपाय दुसऱ्याच्या उपायावर आदळला. हे मी काका-पुतण्याला समोरासमोर बसवून सांगितलं नाही. आधी काकूंच्या मार्फत पोराचं वाक्य तात्यांपर्यंत जाऊ दिलं.

लिसा फेल्डमन बॅरेटचा रचनावादी सिद्धान्त, ज्यात मेंदू मागच्या अनुभवांवरून शरीराच्या गरजांचा सतत अंदाज बांधत असतो, तो इथं थोडा उपयोगी पडला. उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेवर चाललेल्या शरीराचा अंदाज वाईटाकडंच झुकतो, हे तात्यांना चटकन पटलं. भीतीचं केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेंदूतल्या अमिग्डालाची चर्चा मात्र मी केली नाही. त्या संशोधनात ज्याचं नाव सगळ्यात मोठं आहे त्या जोसेफ लेडूनंच पुढं म्हटलं आहे की ती यंत्रणा धोका ओळखून शरीराला सावध करते, तिला भीतीची जाणीव म्हणू नये. तात्यांचा प्रश्न जाणिवेचा होता.

एका गोष्टीचा खुलासा यातला कुठलाही सिद्धान्त करत नाही: थप्पड. राग उपजणं आणि हात उठणं या दोन गोष्टी आहेत. पहिलीची कारणं कळली म्हणून दुसरी माफ होत नाही, हे मी तात्यांना स्पष्ट सांगितलं, आणि ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

काय केलं, काय झालं

धडधडीसाठी आधी ईसीजीचा कागद पुन्हा एकत्र वाचला. जिना चढल्यावर, चहानंतर, रात्री पडल्यावर नाडी मोजायला शिकवलं. धडधड आली की तात्या ती हृदयाच्या नावावर मांडत आणि त्या धास्तीनं ती वाढत असे. नाडीच्या नोंदींनी ते कमी झालं. दिवाळीनंतर डॉक्टरांकडे पुन्हा जावं लागलं नाही.

घरासाठी दोन गोष्टी ठरल्या. ओझी वाहून झाल्यावर अर्धा तास कुणी पुराविषयी, पैशाविषयी बोलायचं नाही. आणि मूर्ती हलवायचा निर्णय पाणी चढत असताना करायचा नाही, उन्हाळ्यात करून ठेवायचा. राजाराम बंधाऱ्यावर ३० फूट झाले की मूर्ती वर न्यायला सुरुवात, उंचावरच्या भागात एका नातेवाइकांचा हॉल आधीच सांगून ठेवायचा, टेम्पो कुणी बोलवायचा, हमाल किती. हे सगळं कागदावर लिहून शेडच्या भिंतीला लावलं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या कागदानं पडला, माझ्याशी झालेल्या बोलण्यानं त्यापेक्षा कमी. लाझारसचा दुसरा प्रश्न, मला काय करता येण्यासारखं आहे, त्याचं उत्तर आता भिंतीवर तयार होतं.

पुढच्या पावसाळ्यात ३० फुटांचा निरोप आला आणि काम सुरू झालं. धाकट्या भावांनी दोन दिवस रजा टाकली. कर्जातला वाटाही त्यांनी त्याच उन्हाळ्यात उचलला होता. तो समुपदेशनात ठरला नव्हता, भावाभावांतच ठरला. पुतण्या आता आकडा आला की आकडा सांगतो, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की नाही ते सांगतो, टेम्पो कुठवर आला ते सांगतो. काका-पुतण्याचं कामापुरतं बोलणं सुरू झालं आहे. पण पोराचं म्हणणं आहे की तात्यांनी एकदा तरी चुकलं म्हणावं, आणि तात्यांच्या तोंडून ते अजून निघालेलं नाही. त्यासाठी दोघांची एकत्र बैठक दसऱ्यानंतर ठेवली आहे.